रफूवहिनींचा पुतळा

रफूवहिनींनी समितीकडे एकच गोष्ट मागितली होती: पाठ असलेली खुर्ची. खुर्ची आली, नाही असं नाही. फक्त येताना तिच्यावर एक पुतळा बसून आला.

पण गोष्ट मुळापासून सांगायला हवी, नाहीतर सगळा दोष पुतळ्यावर जाईल आणि त्या बिचाऱ्याने आपणहून काहीच केलेलं नव्हतं.

तीन रस्ते एकत्र येतात तिथे बँकेची जुनी इमारत आहे. तिच्या पायऱ्यांच्या बगलेला भिंतीत एक खोलगट जागा सोडलेली आहे. बांधणाऱ्याच्या मनात तिथे काय होतं ते तोच जाणे. त्या जागेत आधी वहिनींचे सासरे बसायचे आणि गेली सव्वीस वर्षं वहिनी बसतात. एक स्टूल, एक पत्र्याची पेटी, पेटीत सुया, धाग्यांच्या काही पुरचुंड्या आणि एक उडालेला बल्ब, एवढाच संसार. फाटलेलं कापड बल्बवर ताणायचं, त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे ओढून काढायचे, तिथे नसतील तर पुरचुंडीतले रंग जुळवून घ्यायचे आणि भोकावर आधी उभे, मग आडवे, एकाखालून एकावरून असे विणत न्यायचे. सासऱ्यांना मुलगे दोन. थोरला लांब पल्ल्याची बस चालवायला गेला, तो वहिनींचा नवरा. धाकट्याला सुईत दोरा ओवायला सांगितलं की शिंका यायच्या, म्हणून त्याने समोर स्टेशनरीचं दुकान टाकलं. मग सासऱ्यांनी सुई सुनेच्या हातात दिली आणि दोन गोष्टी सांगितल्या. रफू दिसलं तर ते रफू नव्हे, ठिगळ. आणि काही झालं तरी ही जागा सोडू नकोस.

जागा सोडायची नाही याला कारण होतं उजेड. त्या खोलगट जागेत ऊन कधी येत नाही, पण सकाळी दहापासून पाचपर्यंत डाव्या अंगाने एकसारखा, शांत उजेड येतो. वहिनी आता अठ्ठावन्नच्या. चष्म्याची काच दरवर्षी जाड होते आहे. दुसरीकडे कुठेही बसल्या तर काळा धागा कुठला आणि गडद निळा कुठला हे त्यांना कळत नाही. इथे कळतं.

तर त्यांचे धाकटे दीर, म्हणजे सगळ्या परिसराचे भाऊजी, एक दिवस समिती झाले. आधी ते अध्यक्ष झाले, सभासद मागाहून गोळा केले. पर्यटन खात्याने 'आपली जागा, आपली ओळख' अशी काही योजना काढली होती. लोकांनी आपल्या वस्तीत एखादी अशी जागा करायची की बाहेरचा माणूस तिथे थांबेल, बसेल, फोटो काढेल. खातं अनुदान देईल. अट एकच, त्या जागेला काहीतरी कहाणी हवी.

सभा दुकानातच भरली, वह्यांच्या गठ्ठ्यांवर बसून. औषधाच्या दुकानवाल्याने आपलं दुकान जुनं असल्याचं सांगितलं.

"दुकान जुनं की औषधं?" कोणीतरी विचारलं आणि तो विषय तिथेच मिटला.

बँकेचा वॉचमन म्हणाला, "आमच्या पायऱ्यांवरून एकदा एक फार मोठा माणूस घसरून पडला होता."

"कोण?"

"ते आता आठवत नाही."

तेवढ्यात आत पेन्सिली लावत बसलेल्या जाऊबाई, म्हणजे भाऊजींची बायको, तिथूनच ओरडल्या, "अहो, ताई आहेत की! समोर बसल्यात. दिसत नाहीत का?"

खरंच दिसत नव्हत्या. माणूस सव्वीस वर्षं एका जागी बसला की लोक त्याला विजेच्या खांबात जमा करतात. सगळ्यांनी माना वळवून रस्त्यापलीकडे पाहिलं, आणि वहिनींनी काम करता करता वर पाहिलं तर अख्खी समिती आपल्याकडे टक लावून बघतेय. त्यांना वाटलं, आपल्या डोक्यावर कावळा बसलाय.

फॉर्ममध्ये 'शंभर वर्षांची रफूपरंपरा' असं लिहिलं गेलं. सासऱ्यांची आणि वहिनींची वर्षं मिळून साठसुद्धा भरत नव्हती, पण भाऊजी म्हणाले, परंपरा मोजायची नसते, जपायची असते. अडलं ते पुढच्याच रकान्यावर. 'जागेचे नाव.' जागेला नाव नव्हतं.

"रफू चौक लिहा," औषधवाला म्हणाला.

भाऊजी भडकले. शुद्ध मराठी हे त्यांचं एकुलतं एक व्यसन होतं. "चौक म्हणजे चार रस्ते! इथे किती आहेत? मोजा."

"मग तिठा लिहा," जाऊबाई म्हणाल्या.

"तिठा! पर्यटनाच्या फॉर्ममध्ये तिठा! गावंढळ कुठले."

"रफू सर्कल?"

"इंग्रजी शब्द माझ्या हातून कागदावर उतरणार नाही," असं भाऊजींनी 'न्यू स्टायलो स्टेशनरी मार्ट' या पाटीखाली बसून सांगितलं.

मग ते पेन दातात धरून विचारात पडले. सर्कल म्हणजे गोल, गोल म्हणजे चक्र, चक्र म्हणजे आपल्या साध्या बोलण्यात चक्कर. त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'रफू चक्कर', आणि फॉर्म पाठवून दिला. मोठ्याने वाचून पाहायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मंजुरी आली, पाठोपाठ छान निळी पाटी रंगून आली आणि खांबावर चढली: 'रफू चक्कर. क्षणभर थांबा.' जाऊबाई शटरला धरून खाली बसेपर्यंत हसल्या. भाऊजींना हसण्याचं कारण कळायला अर्धा दिवस लागला, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता, कारण मंजूर झालेलं नाव बदलायचं तर सगळा अर्ज पहिल्यापासून करावा लागणार होता.

वहिनींना या सगळ्याचं हसू येत होतं. मनातून थोडं बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोला. खात्याच्या बाई पाहणीला आल्या, तेव्हा त्यांनी अदबीने विचारलं, "आपण नेमक्या कुठे बसता?" वहिनींनी सुईच्या टोकाने जागा दाखवली. बाईंनी खडूने फुली मारली. "आणि काही अपेक्षा?" वहिनी म्हणाल्या, "पाठ असलेली खुर्ची द्या. स्टुलावर कंबर धरते." बाईंनी लिहून घेतलं.

महिन्याभराने टेंपो आला. त्यात ती खुर्ची, खुर्चीवर तांब्याच्या रंगात रंगवलेली एक फायबरची बाई. हा पुतळा मुळात दुसऱ्या एका गावच्या वाचनालयासाठी केला होता, पण त्या गावाने ऐनवेळी कारंजं पसंत केलं. मग मूर्तिकाराने मांडीवरचं पुस्तक काढून कापड ठेवलं आणि हातातलं पेन काढून सुई दिली. त्यामुळे बाई रफू करतेय की कापडावर सही करतेय ते सांगणं अवघड होतं. सुई होती पोलादाची, चांगली वीतभर, कारण ती लांबून दिसायला हवी. मजुरांनी फुली शोधली, स्टूल उचलून बाजूला ठेवलं आणि फुलीवर चौथरा ठेवून, चार बोल्ट ठोकून पुतळा बसवून टाकला.

"भाऊजी, आणि मी?" वहिनींनी विचारलं.

"तुम्ही तर अमर झालात, वहिनी!"

"ते झालंच. पण बसू कुठे?"

भाऊजींनी इकडेतिकडे पाहिलं. हा मुद्दा सभेत आला नव्हता. "तूर्त औषधाच्या दुकानापाशी बसा. जरा जुळवून घ्या."

नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. "पुतळ्याला बायको केली असती तर रोज डबा तरी मागितला नसता तिने." वहिनींनी फोन ठेवून दिला.

औषधाच्या दुकानाच्या दारावर हिरवी पाटी होती, सारखी उघडमीट करणारी. वर ट्यूबलाइट. त्या उजेडात पांढरं हिरवं दिसायचं, पिवळं हिरवं दिसायचं आणि बाकी सगळं काळं. वहिनींनी काळ्या आणि निळ्या धाग्यांच्या पुरचुंड्या पेटीत वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवल्या, चिठ्ठ्या लावल्या, धागे दारात नेऊन उन्हाकडे धरून पाहिले. चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी वॉचमनचा गणवेशाचा कोट आला, कोपरावर विरलेला, शिवणीतही धागा न उरलेला. त्यांनी तीन तास मान मोडून काम केलं आणि कोट देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन बँकेच्या दारात उन्हाला उभा होता आणि त्याच्या निळ्या कोपरावर काळा चौकोन होता. रुपयाएवढा. रस्त्यापलीकडून दिसत होता.

वॉचमनला पत्ता नव्हता. तो कोपर उचलून लोकांना रांग दाखवत होता, गाड्यांना हात करत होता, आणि दरवेळी तो काळा चौकोन जगाला दाखवत होता.  सव्वीस वर्षांत वहिनींचं काम कोणाला दिसलं नव्हतं. हाच त्यांचा एकमेव गर्व होता, आणि तो गर्व आता बँकेच्या दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकत होता. कोट परत मागावा तर चुकलं असं सांगावं लागेल, आणि परत घेऊन तरी काय, पुन्हा त्याच हिरव्या उजेडात बसायचं. त्या सरळ रस्ता ओलांडून दुकानात गेल्या.

"भाऊजी, पुतळा हलवा."

"वहिनी, मंजुरीच्या कागदात अट आहे. तीन वर्षं बसवलेली कोणतीही गोष्ट हलवायची नाही. हलवली की अनुदान परत."

"मला तीन वर्षं अशी काढता येणार नाहीत. मला तिथे दिसत नाही."

"अहो, सवय होईल."

"डोळ्यांना सवय होत नसते, भाऊजी. तुमच्या वडिलांनी ती जागा मला दिलीय. तुम्ही ती एका बाहुलीला दिलीत." एवढं बोलून त्यांचा आवाज फाटला, आणि आपला आवाज फाटलेला त्यांना स्वतःलाच आवडला नाही, म्हणून त्या निघून आल्या.  वाईट भाऊजींनाही वाटलं होतं. पण वाईट वाटून बोल्ट निघत नाहीत.

इकडे पुतळ्याने स्वतःचा धंदा सुरू केला. पायऱ्यांवरून उतरणाऱ्याच्या बरोबर वाटेत ती वीतभर सुई यायची. पहिलं गिऱ्हाईक जाऊबाईंची शाल. मग एका माणसाचा शर्ट, एका मुलीची ओढणी, बँकेच्या मॅनेजरची नवीकोरी पँट, तीही नको त्या ठिकाणी. सगळे फाटके कपडे रस्ता ओलांडून वहिनींकडे येऊ लागले.

"ती फाडते, तुम्ही सांधता," जाऊबाई म्हणाल्या. "भागीदारीत काढलंय का दुकान?"

वहिनींना हसू आलं नाही. आलेलं काम त्या परत पाठवत होत्या. पांढरं असेल तरच घेत होत्या. शेवटी भाऊजींनी बाटलीचं एक बूच आणून सुईच्या टोकावर बसवलं आणि वर सूचना लावली, 'कारागिरापासून सावध राहा.'

मग पाहणीचा दिवस आला. खात्याच्या बाई सकाळी अकराला उतरल्या, पिस्त्याच्या रंगाचं सुंदर जॅकेट घालून. इथून त्यांना आणखी दोन ठिकाणी भाषणं करायला जायचं होतं. त्यांनी बाक पाहिला, कुंड्या पाहिल्या, पाटी पाहिली. पाटीपाशी जरा रेंगाळल्या.

"रफू... चक्कर?"

"चक्र या शब्दापासून," भाऊजी घाईने म्हणाले.

 फोटोसाठी बाई पुतळ्याशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांचं लक्ष गेलं. "हे बूच कशाला?"

"सुरक्षिततेसाठी."

"फोटोत फार वाईट दिसतंय. काढा बरं."

भाऊजींनी बूच काढलं. बाईंनी हात पुतळ्याच्या खांद्यावर ठेवला. फोटोवाला म्हणाला, जरा जवळ. बाई जवळ सरकल्या, मग हसून वळल्या आणि टर्रकन आवाज आला. उजव्या बाहीला कोपराखाली चार बोटांचा खोंबारा पडला, काटकोनात, जणू पट्टी लावून फाडलेला.

 बाईंनी बाही वर धरली. पुढची दोन भाषणं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. "इथे कोणी रफू करणारं आहे का?" त्यांनी विचारलं. वर पाटी, शेजारी पुतळा, हातात प्रकल्पाची फाइल, आणि प्रश्न हा.

सवयीने भाऊजींचा हात वर झाला आणि त्यांनी पुतळा दाखवला. पहिल्यांदा जाऊबाई हसल्या. मग कोणालाच आवरलं नाही.

वहिनी रस्ता ओलांडून आल्या. बाही हातात घेतली, खोंबाऱ्याच्या कडा जुळवून पाहिल्या, आतली शिवण उलटी करून धागा किती निघेल ते पाहिलं. "होईल. तासभर लागेल."

"करा ना, प्लीज."

"तिकडे होणार नाही. तिकडे मला रंग कळत नाही. उजेड इथे आहे." त्यांनी खोलगट जागेकडे बोट केलं. "आणि इथे ही बसलीय."

बाईंनी भाऊजींकडे पाहिलं. "मग हलवा ना तिला थोडा वेळ."

"मॅडम, तुमचीच अट आहे," भाऊजी कळवळून म्हणाले. "काहीही हलवायचं नाही. शिवाय बोल्ट ठोकलेत."

 वहिनींनी पत्र्याची पेटी आणून पायरीवर ठेवली, स्टुलावरची उशी आणली, ती पुतळ्याच्या मांडीवर टाकली आणि एक पाय चौथऱ्यावर देऊन वर चढून बसल्या. फायबर करकरलं. सगळ्यांनी श्वास धरला. फायबरने धीर धरला.

"वहिनी! हे काय?" भाऊजी ओरडले.

"हलवायचं नाही, असंच लिहिलंय ना? बसायचं नाही, असं कुठे लिहिलंय?"

भाऊजींनी फाइल उघडली, शेवटच्या पानापर्यंत चाळली आणि बंद केली.

वहिनींनी मागे टेकून पाहिलं. पुतळ्याची छाती बरोबर पाठीच्या मापाची होती. सुई धरलेला हात उजवीकडे आडवा आलेला होता. त्यावर त्यांनी बूच परत लावलं आणि जॅकेटची दुसरी बाही टांगली. मग बल्ब काढला, बाही त्यावर ताणली, चष्मा पुसला. डाव्या अंगाने उजेड आला. शिवणीतून ओढलेला पहिला धागा त्यांनी समोर धरला, आणि तो पिस्त्याच्या रंगाचा होता, स्वच्छ, कुठलाही घोटाळा नाही. डोळे भरून आले म्हणून त्यांना चष्मा पुन्हा पुसावा लागला.

खात्याच्या बाई तासभर बाकावर बसून राहिल्या. चहा झाला, गप्पा झाल्या, कुंड्यांत कोणती झाडं आहेत हे विचारून झालं. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "क्षणभर सोडा, इथे तासभर थांबलेल्या या पहिल्याच पर्यटक."

जॅकेट हातात आलं तेव्हा बाईंनी उजवी बाही पाहिली, मग डावी पाहिली, मग पुन्हा उजवी. "कोणत्या बाहीला होतं?"

"नसेल सापडत तर राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

"पण मग लोकांना दाखवायचं काय? काहीच दिसत नाही!"

"तेवढंच येतं मला."

बाईंनी बाहीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग फाइल मांडीवर घेऊन शेरा लिहिला. तो पुढे भाऊजींनी दुकानात फ्रेम करून लावला, कारण त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता: 'कारागिराने पुतळ्यावर बसणे हा प्रकल्पाचाच भाग समजावा. सदर कारागिरास तीन वर्षे हलवू नये.'

गाडी गेली, लोक पांगले. वहिनी उतरल्या नाहीत. अजून चार तास उजेड होता. त्यांनी बँकेच्या दाराकडे पाहून हाक मारली, "अरे ए, इकडे ये. कोट काढ."

वॉचमन आला. त्याने कोट चाचपला, कोपर वळवून पाहिलं. "काय झालंय याला? चांगला तर आहे."

"माझं चुकलंय त्यात. काढ."

"अहो वहिनी, कोणाला दिसतंय इथे?"

"मला," वहिनी म्हणाल्या, आणि मांडीवर कोट घेऊन, पुतळ्याला टेकून, काळा धागा एकेक करून उसवायला बसल्या.